फवाऱ्याचं ग्रीस आणि काळू नदीचा उतार

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेला शहापूरहून सायकलने जाता येतं का, रस्ता कसा आहे, वाटेत खायला काय मिळतं, असं गेल्या महिन्यात इथल्या दोन वाचकांनी विचारलं. तिसऱ्याने विचारलं की जुन्या काळ्या सायकलींना ते हल्ली मिळणारं फवाऱ्याचं ग्रीस चालतं का. तिघांनाही उत्तर देता येईल असा प्रवास मी एकदाच केलाय, पाच वर्षांपूर्वी. त्यातलं खरं काय ते मी अजून घरातही सांगितलेलं नाही. आता लिहून टाकतो.

बाळाराम माझा पहिलीपासूनचा मित्र. चौथीनंतर तो शाळा सोडून बापाच्या बैलगाडीवर गेला आणि मी पुढे शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. दोघांची घरं शहापूरच्या एकाच आळीत. त्याने बैल विकून सात-आठ वर्षं झाली होती, तरी पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली की तो एसटीने जायचा, परक्यांच्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि परत यायचा. त्या वर्षी मात्र म्हणाला, "मास्तर, यंदा येश्टी नको. सायकलीनं जाऊ. पोरपनी गेलतो तसं."

हिरावहिनी, म्हणजे बाळारामची बायको, ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"छातीत कळ येऊन आठ दिस कल्यानच्या दवाखान्यात व्हते, ते इसरले काय?"

"डाक्टरच म्हनला ना, सायकल चालवा."

"अंगनात चालवा म्हनला. म्हशाला जावा नाय म्हनला."

"अंगनात गोल फिरून चक्कर येते गो."

त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुमी शिकलेले. तुमी हाय म्हनाल तर हाय."

मी हो म्हटलं. चढ आला की दोघं उतरू, घाई करणार नाही, मुरबाडला जेवून विश्रांती घेऊ, असं सगळं बोललो. वहिनींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "मंग तुमच्या भरवशावं सोडतंय. जसं नेताय तसं आना."

आता त्या ग्रीसबद्दल. माझा भाचा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला आहे. दिवाळीला आला तेव्हा एक उभट डबा घेऊन आला. वर बटण, बटणाला दाभणासारखी बारीक लाल नळी. म्हणाला, "मामा, तुमची ती तेलाची कुप्पी आता पेटीत ठेवा. हे पातळ ग्रीस आहे. मारताना पाण्यासारखं आत शिरतं, वारा लागला की आतल्या आत लोण्यासारखं बसतं. तेलासारखं पाझरत नाही आणि डब्यातल्या ग्रीससारखं सायकल उघडून बोटाने भरावं लागत नाही." तो पुढेही काही सांगत होता. पण मी बटण दाबून पाहिलं होतं आणि त्या फुस्स आवाजाबरोबर निघालेलं पांढरं धुकं पाहत बसलो होतो. श्रावणावरच्या कविता शिकवताना फळ्याजवळ उभं राहिलं की खिडकीतून माहुलीच्या डोंगरावर असंच धुकं दिसायचं. भाच्याचं उरलेलं बोलणं त्या धुक्यात गेलं. नको तिथे कविता आठवायची खोड मला आयुष्यभर आहे. तिची इतकी किंमत कधी पडली नव्हती.

आदल्या संध्याकाळी बाळाराम हवा भरायला म्हणून त्याची सायकल माझ्याकडे ठेवून गेला. पहाटे साडेपाचला मी दोन्ही सायकली अंगणात गोणपाटावर उलट्या केल्या. थंडी अशी की लोखंडाला हात लावला की चिकटल्यासारखा वाटे. माझी सायकल बरी होती. बाळारामची मात्र करकरायची. चेन करकरायची, पायडल करकरायचं, ब्रेक दाबला की किंचाळायचा. मला वाटलं, आज गंमत करू. ती इतकी मऊ करून ठेवू की त्याला कळणारच नाही काय झालं.

कुप्पीच्या काळातल्या माणसाची सवय अशी असते: जिथे आवाज तिथे थेंब. कुप्पीचा थेंब पडतो तिथेच राहतो, त्यामुळे ही सवय कधी कुणाला नडत नाही. मी दोन्ही सायकलींच्या चेनवर फवारलं, फ्रीव्हीलवर फवारलं, दोन्ही चाकांच्या मधल्या डोळ्यांत, म्हणजे आसाजवळच्या तेलाच्या भोकांत, नळी घालून भरपूर फवारलं. मग ब्रेकच्या सळया जिथे जिथे सांध्याला मिळतात तिथे. बाळारामचा ब्रेक किंचाळतो म्हणून त्याच्या सांध्यांना दोन वेळा. मग चाकं हाताने गरागरा फिरवली. काय सुरेख फिरली! आवाज नाही, अडखळणं नाही. दहाव्या मिनिटाला सायकली सरळ करून मी बाळारामच्या दारात होतो.

वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि गुळाचा खडा बांधून दिला. बाळारामच्या गळ्यात लाल मफलर गुंडाळला, गोळ्यांची पुडी त्याच्या खिशात घातली, तीच गोळी माझ्याही खिशात दिली. "ह्यांच्या खिशाचं काय खरं नाय," म्हणाल्या.

शहापूर ते किन्हवली साधारण सतरा-अठरा किलोमीटर. रस्ता तेव्हा अरुंद, कडेला खडी उखडलेली, पण वर्दळ कमी. आता बराच सुधारलाय असं ऐकतो. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खाचरं, मधे वालाचे हिरवे पट्टे, मागे साग आणि पळस. वाटेत एक-दोन टपऱ्या लागतात, पण सकाळी सातच्या आत चहा मिळेल याची खात्री धरू नका. पाणी घरूनच घ्या.

"मास्तर, सायकलीला काय झालं रे?" बाळाराम म्हणाला. "बोलतच नाय."

"का, बोलली पाहिजे का?"

"चाळीस वर्सं बोलते. आज रुसलेली दिसते."

मी खुशीत होतो. भुजंगप्रयात वृत्त पायडलला फार छान बसतं. लगागा, लगागा, लगागा, लगागा. एक ओळ संपेपर्यंत विजेचे दोन खांब मागे जातात. मी मुलांना वृत्त शिकवायचो ते असंच, पाय आपटायला लावून. तर मी मनात लगागा म्हणत होतो, बाळाराम कोणत्या वळणावर कुणाचा बैल बसला होता ते सांगत होता, आणि दोघांनाही ब्रेक दाबायची गरज पडत नव्हती. सपाट रस्ता. थांबायचं झालं तर आमच्या वयाची माणसं पाय टेकवूनच थांबतात.

किन्हवलीला मिसळ खाल्ली. तेव्हा दहा रुपयांत दोन पाव आणि वर हवा तितका रस्सा. मी या गावच्या शाळेत तीन वर्षं होतो. बाळारामला म्हटलं, जरा शाळा पाहून येतो. तो म्हणाला, "तू एकदा शाळेत घुसलास की दुपार. मी हळूहळू पुढं व्हतो. पुलावं थांबतो."

"उतारावर जपून," मी म्हटलं. सहज म्हटलं, सगळे म्हणतात तसं.

"तू मला सांगतोस व्हय?" म्हणत तो निघाला. लाल मफलर वळणावर दिसेनासा झाला.

शाळेत मी अर्धा तास रमलो. तिसरीच्या वर्गात एक बाई कविता चालीवर म्हणून घेत होत्या. चाल माझ्या वेळची नव्हती, पण मुलं शेवटचं अक्षर तसंच लांबवत होती. खिडकीबाहेर उभा राहून मी डोळे मिटून घेतले. नंतर कितीतरी दिवस मी हिशेब करत राहिलो, की तो अर्धा तास मी तिथे नसतो तर.

किन्हवली सोडल्यावर रस्ता एका ओढ्याकडे थोडा उतरतो. उतार असा काही नाही, पण ऊन चढलं होतं, सायकल वेगात आली, आणि समोरून म्हशी रस्ता ओलांडू लागल्या. मी दोन्ही ब्रेक दाबले. दांड्या नेहमीसारख्या मुठीत आल्या. सायकल थांबली नाही. हळूसुद्धा झाली नाही. ब्रेक लागला होता, चाकाला ते कळलं नव्हतं.

मी दोन्ही पाय खाली सोडले. चपला फरफटल्या, एक तुटली. पुढचं चाक शेवटच्या म्हशीच्या पोटाला टेकलं आणि सायकल थांबली. म्हशीने मान वळवून पाहिलं.

"ओ बाबा, म्हशीनं काय घोडं मारलंय तुमचं?" मागून येणारी बाई ओरडली.

मी चाकाकडे पाहत होतो. रिमच्या आतल्या कडेला, जिथे ब्रेकचं रबर घासतं, तिथे काळपट चकचकीत पट्टा होता. बोट लावलं. लोणी. पहाटेच्या गारठ्यात ते जागच्या जागी बसल्यासारखं दिसलं होतं. पण मी ते बसूच दिलं नव्हतं. पातळ असतानाच चाकं गरागरा फिरवली होती, लगेच रस्त्याला लागलो होतो. मधल्या डोळ्यातून ते आऱ्यांवरून बाहेर फेकलं गेलं होतं, सांध्यांवर मारलेल्या फवाऱ्याचं धुकं रिमवर बसलं होतं, आणि उन्हाने ते सगळं सैल होऊन पसरलं होतं.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. बाळारामच्या सायकलीला मी दुप्पट मारलं होतं.

ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथून पुढे चार-साडेचार किलोमीटर चढउतार, मग काळू नदीच्या पुलाकडे जाणारा लांब उतार. दोन वळणं, एका बाजूला डोंगराची कापलेली भिंत, दुसऱ्या बाजूला तेव्हा ना कठडा ना दगड. खाली पूल, तोही अरुंद. आणि पुलावर थांबतो असं तो म्हणाला होता.

त्याच्याकडे फोन नव्हता, माझ्याकडेही नव्हता. मी रुमालाने रिम पुसायला लागलो. ग्रीस रुमालाने निघत नाही, नुसतं पसरतं. तुटकी चपल कॅरियरला खोचून मी सायकलवर बसलो. एक पाय अनवाणी. चढावर उतरायचं हे वहिनींना दिलेलं वचन माझ्यासाठी नव्हतंच, मी चढही बसूनच मारले. छाती भात्यासारखी चालली होती. तो अर्धा तास पुढे होता, पण तो हळू चालवतो. चढावर उतरतो. मी पोचेन. मी हे मोठ्याने म्हणत होतो, मी पोचेन, मी पोचेन, आणि खाली पायडल लगागा लगागाच म्हणत होतं. त्या क्षणी त्या वृत्ताची मला शिसारी आली.

समोरून एक मोटारसायकल आली. मी हात केला. चालवणाऱ्याने वेग कमी केला.

"लाल मफलरवाला म्हातारा पाहिला का? सायकलवर?"

"हा, गेला ना पुढं. गाना बोलत चाललाय."

"कुठे होता?"

"उताराजवल आला व्हता," म्हणत तो निघूनही गेला. तो दिसेनासा झाल्यावर मला सुचलं, की त्यालाच मागे फिरवून बाळारामला थांबवायला सांगायला हवं होतं. माणूस घाबरला की तोंड आधी उघडतं, डोकं नंतर. उताराजवळ. गाणं म्हणत. म्हणजे त्याला काहीच माहीत नव्हतं.

उताराच्या डोक्यावर पोचलो तेव्हा रस्ता मोकळा होता. बाळाराम नव्हता. उतरून मी कडेशी गेलो. तिथून पूल दिसतो, मधली वळणं झाडीमुळे दिसत नाहीत. पुलाच्या अलीकडे माणसं जमली होती. सात-आठ माणसं, दोन बैलगाड्या, आणि सगळी खाली वाकलेली. वाकलेल्या माणसांच्या मधे जमिनीवर काहीतरी लाल होतं.

मी पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, की भीतीने पाय जमिनीला खिळतात असं निबंधात लिहू नका, ते सगळेच लिहितात. माझे पाय खिळले नाहीत. ते पळत सुटले. सायकल हातात धरून मी उतारावर पळत होतो, आणि कानात एकच वाक्य: जसं नेताय तसं आना. पळताना कधी पाय पायडलवर गेला आणि कधी मी सीटवर बसलो ते मला आजही आठवत नाही. ब्रेक नाहीत हे विसरलो होतो असं नाही. ते मला पक्कं माहीत होतं. पण खाली ते लाल होतं.

उतारावर पायडल मारावं लागत नाही. फ्रीव्हीलची टिकटिक तेवढी ऐकू येते, आणि ती वाढत जाते, इतकी की शेवटी सलग एकच सूर होतो. डोळ्यांतून पाणी. पहिलं वळण मी भिंतीला चाटून घेतलं, खांद्याचा सदरा फाटला. दुसऱ्या वळणावर, झाडीच्या सावलीत, रस्त्याच्या कडेने एक माणूस सायकल हातात धरून आरामात चालत चालला होता. गळ्यात लाल मफलर.

"आरं मास्तर!" तो ओरडला. "हलू! हलू रे!"

मी त्याच्या शेजारून गेलो. त्याचा चेहरा नीट दिसला, तोंड उघडं राहिलेलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो त्या वेगात मागेच राहिला, कारण आता पूल समोर होता आणि मरायची पाळी माझी होती.

पुलाच्या तोंडाशी उभी होती जत्रेला निघालेली पेंढ्याची गाडी. बैल सोडलेले. मी हँडल तिच्याकडे वळवलं. एवढाच निर्णय मी त्या दिवशी विचार करून घेतला.

पेंढा मऊ असतो असं कवितेत वाचलं होतं. तितका मऊ नसतो. चष्म्याची एक काच गेली, तळहात सोलले, तोंडात भाताची काडी. मी डोळे उघडले तेव्हा वर पागोट्यातला एक गाडीवान वाकून पाहत होता.

"आजोबा, चारा पायजेल तर मागायचा. अशी उडी कशाला?"

बाकीचे हसले. ती माणसं एका बैलाच्या खुरात गेलेला खिळा काढत होती. बैलाची लाल झूल जमिनीवर पसरली होती.

बाळाराम आला दहा मिनिटांनी, सायकल हातात धरून. त्याने आधी माझे हात पाहिले, मग डोळे, मग फुटकी काच.

"खुळा झालास काय रे? कोन पाठी लागला व्हता?"

"तू चालत का होतास?" मी विचारलं. माझा आवाज रडका झाला होता.

"मंग उतारावं काय बसून येतात? बाप गाडी घेऊन इथनंच जायाचा. उतार आला की तो पयला खाली. भरलेली गाडी असो नायतर रिकामी. जू धरून बैलांच्या पुढं चालायचा. गाडीवान उतारावं गाडीत बसत नाय. इच्यार यांना."

पागोटेवाल्याने मान डोलावली. "बसला की मेला."

मला गप्प बसता आलं असतं. म्हशी आल्या, ब्रेक तुटला, काहीही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "बाळाराम, तुझा ब्रेक दाबून चाक फिरव."

त्याने मागचा ब्रेक आवळला आणि सायकल ढकलली. चाक सरसर फिरलं. पुढचा आवळला. तेच. त्याने रिमला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. मी त्याला सगळं सांगितलं. डबा, पहाट, गंमत. तो ऐकत होता आणि आपण आलो त्या उताराकडे पाहत होता.

"म्हंजे आज माज्या बापानं वाचवला मला," तो शेवटी म्हणाला. "तू नाय."

त्यानंतर मुरबाड येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

पण सायकली त्यानेच साफ केल्या, आणि तिसऱ्या वाचकाला हवं ते उत्तर इथे आहे. पागोटेवाल्याच्या गाडीखाली बांबूचा नळा टांगलेला होता, त्यात चाकाच्या आसाला घालायचं वंगण, एरंडेलात काजळी कालवलेलं. तो मला म्हणाला, "आमी वंगन घातलं की चिलीम वढतो. चिलीम संपली की बैल जुपतो. त्याला बसाया टाइम नको द्यायला?" पुलापलीकडच्या चहाच्या टपरीवरून स्टोव्हचं रॉकेल आणि चुलीची राख आणली. रॉकेलच्या फडक्याने रिम आणि आरे पुसायचे, मग कोरडी राख चोळायची, मग स्वच्छ फडकं. ब्रेकचं रबर काढून दगडावर घासायचं, वरचा थर जाईपर्यंत. मग सायकल हातात धरून, चालत, ब्रेक दाबून पाहायचा. तो पुन्हा किंचाळला तेव्हा मला जितकं बरं वाटलं तितकं कुठल्याही गाण्याने वाटलेलं नाही.

सरळगावला आपण नगरच्या मोठ्या रस्त्याला लागतो. तिथून मुरबाडपर्यंत ट्रक आणि माणसांनी लोंबकळलेल्या जीपगाड्या अंगावरून जातात, कडेने चालवा. मुरबाडला स्टँडजवळ जेवलो. बाळारामने गोळी घेतली. स्वतःच्या खिशातली सापडत नव्हती, मी माझ्या खिशातली काढून दिली. पाणी पिऊन तो म्हणाला, "चष्मा कुठं मिलंल बघ. आंधला मास्तर घेऊन मी जत्रा नाय करनार." बोलला म्हणून मी मान खाली घालून जेवत राहिलो.

म्हसा तिथून दहा-बारा किलोमीटर. जत्रेबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी काय सांगू. धूळ, घोंगड्यांचे ढीग, मिठाईच्या पराती, माळावर पसरलेले बैल. बाळाराम एका पांढऱ्या खोंडाच्या वशिंडावर हात ठेवून इतका वेळ उभा राहिला की मालकाला वाटलं गिऱ्हाईक आहे. मी मात्र जत्रा पाहिलीच नाही. मी लाल मफलर पाहत होतो. गर्दीत तो दिसेनासा झाला की माझे सोललेले तळहात घामाने चुरचुरायचे. त्याच्या मुलीचं घर जवळच्या गावात आहे, तिथे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी परतलो. येताना वाटेतला प्रत्येक उतार दोघं चालत उतरलो, अगदी म्हशींच्या ओढ्याचासुद्धा. त्यामुळे वेळ दीडपट लागतो. लागू द्या.

शहापूरला दिवेलागणीला पोचलो. वहिनी दारातच होत्या. त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जसं बाजारातून आणलेलं भांडं पाहतात तसं. मग माझे हात पाहिले.

"भावजी, तुमाला काय झालं?"

"पडला," बाळाराम म्हणाला. "कविता बोलत व्हता."

वहिनी हसल्या, हळद आणायला आत गेल्या. हात बांधताना म्हणाल्या, "तुमी व्हते म्हनून मी रातीला झोपले. दुसऱ्या कोनासंगं धाडलं नसतं." मी बाळारामकडे पाहिलं. तो मफलर सोडत होता. त्याने मान वर केली नाही. मला वाटलं, आत्ता सांगावं. वहिनींनी भाकरी वाढली. मी खाल्ली.

दिवाळीला त्या मला ओवाळतात, दरवर्षी. नातेवाइकांना सांगतात, भावजींच्या भरवशावर मी ह्यांना म्हशाला धाडलं होतं. दर वेळी मला ते दुसरं वळण दिसतं. फक्त त्यात बाळाराम चालत नसतो.

फवाऱ्याचं ग्रीस अजून वापरतो. चांगली वस्तू आहे, दोष तिचा नव्हता. दर दोन महिन्यांनी, रविवारी, माझ्या अंगणात. रिमला वर्तमानपत्र गुंडाळायचं, नळी अगदी सांध्याला टेकवायची, एक क्षण बटण. ब्रेकच्या आसपास फवारा आणायचाच नाही, तिथे काडीने एक थेंब. मग थांबायचं. वर्तमानपत्र बाळाराम धरतो, बटण मी दाबतो, नंतर दोघं वीस मिनिटं नुसते बसतो. तो तंबाखू मळतो. मी कविता म्हणत नाही. पहिली फेरी तो आपली नाही, माझी सायकल घेऊन मारतो, ब्रेक किंचाळवत. मी कधी विचारलं नाही का ते.

हे सगळं लिहून झाल्यावर काल त्याला वाचून दाखवलं. त्याने डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, "बापाचं नीट लिवलंस."

"वहिनींना वाचून दाखवू का?"

"मी पाच वर्सं नाय बोललो ते काय तिला घाबरून? तुजं व्हतं ते, तू बोलशील म्हनून." थोड्या वेळाने म्हणाला, "ती जेवाया नाय वाढनार त्या दिवशी. खाऊन ये."

ही पानं छापून घेतली आहेत. आज चार वाजता जाणार. त्यांचं घर आमच्या आळीच्या टोकाला, उतारावर आहे. सायकल हातात धरून चालत जाईन.